नदीकाठी तंबूचा मुक्काम: बुलढाणा जिल्ह्यात कुटुंबासाठी जागा कशी निवडावी?

फ्रान्सच्या ग्रामीण भागात नदीकाठी तंबू ठोकून कुटुंबासह आठवडाभर राहण्याची पद्धत जुनी आहे. तिथे अशा मुक्कामासाठी आखलेली मैदाने असतात. तंबूची जागा ठरलेली असते, नळ आणि स्वच्छतागृह असते, देखरेखीला माणूस असतो. महाराष्ट्रात पवना, भंडारदरा अशा जलाशयांच्या काठी तंबूंचा व्यवसाय वाढला आहे. बुलढाणा जिल्ह्यात मात्र अशी आखीव मैदाने सर्रास आढळत नाहीत. इथे मुक्काम होतो तो ओळखीच्या शेतात, कृषी पर्यटन केंद्रात, धरणाजवळच्या मोकळ्या जागेत किंवा वनखात्याने सोय केलेल्या ठिकाणी. त्यामुळे फ्रान्समध्ये जे काम मैदानाचा चालक करतो, ते इथे कुटुंबालाच करावे लागते. जागा उंच आहे का, पाणी पिण्याजोगे आहे का, रात्री बाहेर पडायला रस्ता आहे का, हे आधी पाहावे लागते.

थोडक्यात

- नदीकाठच्या तंबूसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सर्वांत चांगला. जून ते सप्टेंबर नदीकाठी तंबू नको.
- तंबू पात्रात, वाळूवर किंवा नाल्याच्या तोंडाशी लावू नये. मागच्या पुराच्या खुणेच्या बराच वर लावावा.
- धरणाखालच्या नदीत पाऊस नसतानाही पाणी वाढू शकते.
- पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात पिण्याचे पाणी सोबत न्यावे.
- अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम आणि शेकोटी हा गुन्हा आहे.

घाटावर आणि घाटाखाली: पाण्याचे दोन स्वभाव

जिल्ह्यात १३ तालुके आहेत. स्थानिक बोलण्यात त्यांची विभागणी ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशी होते. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर आणि लोणार हे घाटावरचे तालुके. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखालचे. मधला घाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगांची उतरण. तंबूची जागा शोधताना ही विभागणी उपयोगी पडते, कारण दोन्हीकडच्या नद्यांचा स्वभाव वेगळा आहे.

घाटावरची मुख्य नदी पैनगंगा. ती बुलढाणा तालुक्यातील मढ गावाजवळ उगम पावते, मेहकरवरून पुढे जाते आणि शेवटी वर्धा नदीला मिळते. देऊळगाव राजाच्या बाजूने खडकपूर्णा वाहते. या दोन्ही नद्यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. इथला प्रदेश पठारी असून नद्यांवर येळगाव, पेनटाकळी, खडकपूर्णा अशी धरणे आहेत. त्यामुळे घाटावर नदीकाठचा मुक्काम बहुतेक वेळा धरणाच्या आसपासचा असतो.

घाटाखाली चित्र वेगळे आहे. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या डोंगर उतरून उत्तरेकडे जातात आणि पूर्णा नदीला मिळतात. पूर्णा पुढे तापीला मिळते. पूर्णेच्या पलीकडे सातपुडा आहे. तिथून वान नदी आणि अनेक लहान नद्या-नाले दक्षिणेकडे उतरतात. म्हणजे घाटाखालच्या सपाट पट्ट्यात दोन्ही बाजूंच्या डोंगरांचे पाणी येते. डोंगरावर पडलेला पाऊस सपाटीवरच्या माणसाला दिसत नाही, पण त्याचे पाणी मात्र काही वेळात त्याच्या पायाशी येते.

२२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टीने हेच दाखवून दिले. डोंगरातून आलेल्या पाण्याने नदी-नाल्यांना मोठे पूर आले, गावांत पाणी शिरले आणि शेतजमिनी खरडून गेल्या. एरवी ज्या नाल्यात जेमतेम पाऊल भिजते, तो असा बदलतो.

डोंगराच्या पायथ्याची सुंदर जागा फसवी का असते?

डोंगरातून नाला जिथे सपाटीवर उतरतो, तिथे तो सोबत आणलेले दगडगोटे आणि वाळू पंख्यासारखी पसरवतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असे गाळाचे पट्टे सलग दिसतात. जागा मोकळी असते, पाण्याचा निचरा चांगला होतो, मागे डोंगर असतो आणि समोर खळाळता झरा असतो. तंबूसाठी याहून चांगली जागा दुसरी नाही, असे कोणालाही वाटेल. पण ती जागा पुरानेच तयार केलेली असते आणि नाला कधीही जुना मार्ग सोडून त्या पंख्यावर दुसरीकडे वळू शकतो.

युरोपातील दोन दुर्घटना इथे मार्गदर्शक ठरतात. १४ जुलै १९८७ रोजी फ्रान्सच्या आल्प्स भागातील ल ग्राँ-बोर्नां येथे बोर्न नदीला अचानक पूर आला आणि काठच्या तंबूस्थळावरील २३ जणांचा बळी गेला. ७ ऑगस्ट १९९६ रोजी स्पेनच्या पिरेनीज पर्वतातील बिएस्कास येथे नाल्याच्या अशाच पंख्यावर वसवलेल्या तंबूस्थळावरून पाण्याचा लोंढा गेला. त्यात ८७ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी लोक अनधिकृत जागेत घुसलेले नव्हते, रीतसर मैदानावर उतरलेले पर्यटक होते. ल ग्राँ-बोर्नांच्या दुर्घटनेनंतर फ्रान्सने १९९४ मध्ये नियम करून धोक्याच्या क्षेत्रातील तंबूस्थळांना पर्यटकांना माहिती देणे, इशारा यंत्रणा ठेवणे आणि बाहेर पडण्याची योजना तयार ठेवणे बंधनकारक केले.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. ‘इथे नेहमी लोक उतरतात’ हा सुरक्षिततेचा पुरावा नाही. जमिनीची रचना पाहूनच जागा ठरवावी लागते.

कधी जावे?

जून ते सप्टेंबर हा काळ नदीकाठच्या तंबूसाठी वर्ज्य मानावा. या दिवसांत हिरवाई पाहायची असेल तर पक्क्या इमारतीत मुक्काम करून दिवसा लांबून पाणी पाहावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाह वाढायला सुरुवात झाल्यानंतर बाहेर पडण्याइतका वेळ त्यांना मिळाला नाही. त्यात लहान मुलेही होती.

ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस असतो. दिवसभर ऊन आणि संध्याकाळी विजांचा कडकडाट, असे या महिन्याचे रूप असते. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर निघण्याआधी हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा पाहणे गरजेचे ठरते. पिवळा इशारा असला तरी नदीकाठचा तंबू टाळावा. नारिंगी किंवा लाल असेल तर प्रवासच पुढे ढकलावा.

नोव्हेंबर ते जानेवारी हा उत्तम काळ. नद्यांना पाणी असते, जलाशय भरलेले असतात, स्थलांतरित पक्षी आलेले असतात. बुलढाणा शहर आणि आसपासचा घाटावरचा भाग उंचावर असल्याने रात्री चांगलीच थंडी पडते. पाण्याच्या काठी ती आणखी बोचते. त्यामुळे लहान मुले आणि वयस्कर मंडळींसाठी जमिनीवर अंथरायला जाड सतरंजी किंवा गादी आणि गरम कपडे हवेत. नुसती गोधडी पांघरून भागत नाही, कारण थंडी खालून चढते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपिटीची शक्यता असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेल्या गारपिटीचा तडाखा या जिल्ह्यालाही बसला होता. तंबूचे कापड गारांपासून वाचवू शकत नाही, म्हणून या दिवसांत पक्के छप्पर चालत जाण्याच्या अंतरावर असावे. एप्रिल-मेमध्ये घाटाखाली उन्हाचा तडाखा इतका असतो की दुपारी तंबू भट्टीसारखा तापतो. शिवाय बहुतेक नद्या कोरड्या पडलेल्या असतात.

पूर किती वर येतो, हे कसे ओळखावे?

यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. काठावर अर्धा तास फिरले तरी पुष्कळ कळते.

- झाडांच्या फांद्या पाहाव्यात. बाभळीच्या काट्यांत अडकलेले काडीकचऱ्याचे झुपके, प्लास्टिक आणि चिंध्या म्हणजे पुराची खूण. हे झुपके डोक्याच्या उंचीवर असतील, तर पाणी तिथपर्यंत आलेले होते.
- माती पाहावी. गवताखाली बारीक वाळूचा किंवा पापुद्र्यासारख्या गाळाचा थर असेल, तर ती जागा पुराखाली जाते.
- काठ पाहावा. खालून पोखरलेला, वरून लोंबणारा काठ कधीही ढासळतो. अशा काठाच्या कडेला तंबू लावू नये आणि मुलांना उभे राहू देऊ नये.
- बेट टाळावे. दोन प्रवाहांमधला उंचवटा कितीही सुंदर दिसला तरी पाणी वाढताच त्याचा रस्ता तुटतो.
- गाव पाहावे. जुनी गावठाणे पांढरीवर, म्हणजे आसपासच्या काळ्या शेतजमिनीपेक्षा उंच जागी वसलेली असतात. नदीकाठच्या गावातील जुन्या घरांच्या जोत्याची उंची हे पिढ्यांच्या अनुभवातून ठरलेले माप आहे.
- माणसांना विचारावे. ‘इथे पाणी येते का?’ असे विचारले तर ‘नाही येत’ असे उत्तर मिळते, कारण विचारणाऱ्याच्या मनात आजचा दिवस असतो. त्याऐवजी ‘सगळ्यांत मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठे लागले होते?’ असे विचारावे. म्हातारी माणसे झाड किंवा देऊळ दाखवून नेमकी जागा सांगतात.

तंबू या खुणांच्या वर लागला पाहिजे. शिवाय तंबूपासून आणखी उंच जागेकडे जाणारी वाट मोकळी असावी आणि त्या वाटेत नाला ओलांडावा लागू नये. अनेकदा मुक्कामाची जागा उंच असते, पण तिथे जाणारा रस्ता फरशी पुलावरून जातो. पुलावर पाणी आले की कुटुंब अडकते.

धरणाच्या काठावर आणि धरणाच्या खाली

जलाशयाच्या काठचे पाणी संथ दिसते, म्हणून ते नदीपेक्षा सुरक्षित वाटते. इथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, पाण्याची कड ही जलाशयाची हद्द नसते. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली जमीन हे बुडीत क्षेत्रच असते. तिथे काही ठिकाणी गाळपेराची पिके घेतली जातात. उरलेल्या जागी वरून वाळलेला आणि आतून ओला गाळ असतो. त्यात मोटार रुतते आणि मुलांचे पायही अडकतात.

दुसरी गोष्ट, धरणाखालच्या नदीतले पाणी पावसावर अवलंबून नसते. हिवाळ्यात रब्बीच्या सिंचनासाठी किंवा खालच्या गावांच्या पाणीटंचाईसाठी पाणी सोडले जाते. निरभ्र आकाशाखाली कोरडे पात्र भरू लागते. आवर्तन कधी आहे, हे पाटबंधारे खात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना आणि काठच्या शेतकऱ्यांना माहीत असते.

तिसरी गोष्ट, प्रत्येक दरवाजा माणूस उघडत नाही. बुलढाणा शहराला पाणीपुरवठा करणाऱ्या येळगाव धरणावर पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे दरवाजे आहेत. पातळी वाढली की ते उघडतात आणि खालच्या पात्रात एकदम पाणी येते. पावसाळ्यात आणि परतीच्या पावसात अशा धरणाखाली पात्रात उतरणे धोक्याचे आहे.

सांडव्याच्या पायथ्याशी खोल खड्डा तयार झालेला असतो आणि तिथे पाणी भोवऱ्यासारखे फिरते. दगडावर शेवाळ असते. फोटोसाठी लोक नेमके तिथेच जातात. कुटुंबाने आधीच ठरवून ती जागा वर्ज्य करावी.

जमीन कशी असावी?

जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी कसदार जमीन आहे. कापूस-सोयाबीनला ती मानवते, तंबूला मानवत नाही. थोडा पाऊस झाला तरी ती चिकट होते, चाके फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. वाळली की तिला भेगा पडतात. त्या भेगांत विंचू आणि साप आसरा घेतात, शिवाय खुंट्या सैल होतात. मुरमाड, किंचित उताराची, पाणी न साचणारी जमीन उत्तम.

तंबूच्या वर पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. वाळलेली फांदी असलेल्या झाडाखाली तंबू नको. आजूबाजूच्या उंच झाडावर, कड्यावर किंवा पुलाखाली आग्यामोहोळ आहे का, ते उजेडात बघून घ्यावे. शेकोटीचा धूर तिथे पोचला तर मधमाश्या उठतात आणि मोकळ्या रानात त्यांच्यापासून लपायला जागा नसते. एकट्या मोठ्या झाडाखाली विजेचाही धोका असतो. गडगडाट ऐकू येताच तंबू सोडून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केले आहे.

लहान मुले आणि पाणी

शहरी कुटुंबाचे लक्ष नदीकडे असते. पण शेतातल्या मुक्कामात मुलांना अधिक धोका दुसऱ्या दोन ठिकाणी असतो.

एक म्हणजे शेततळे. त्याच्या उतरत्या बाजूंवर प्लास्टिकचे जाड अस्तर असते. ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही. आत पडलेल्या पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो. शेततळ्याभोवती कुंपण आहे का आणि आत सोडलेला दोर आहे का, हे तंबू लावण्याआधी पाहावे. कुंपण नसेल तर जागा बदलावी.

दुसरी म्हणजे कठडा नसलेली विहीर. जुन्या विहिरींभोवती गवत वाढलेले असते आणि संध्याकाळी तोंड दिसत नाही. यजमानासोबत दिवसाउजेडी एकदा शिवारात फेरी मारून विहीर, तळे, मोटारपंपाच्या वायरी आणि रानडुकरांसाठी लावलेले कुंपण कुठे आहे, ते मुलांना दाखवावे. पिकाच्या राखणीसाठी काही ठिकाणी तारेत बेकायदा वीज सोडली जाते. त्यामुळे अंधारात दुसऱ्याच्या शेतात जाऊ नये.

नदीत उतरायचे असेल तर आधी मोठ्या माणसाने काठीने खोली तपासावी. रेतीचा उपसा झालेल्या पात्रात गुडघाभर पाण्यानंतर पुढच्याच पावलाला डोह असू शकतो. वाहते पाणी गुडघ्याइतके असले तरी मोठ्या माणसाचे पाय उचलते. गढूळ पाण्यात उतरूच नये. मुले पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाने फक्त तेवढेच काम करावे; स्वयंपाक, फोन किंवा गप्पा यांतले काहीही त्या वेळी नको. मोटारीच्या टायरची हवा भरलेली ट्यूब आणि जाड दोर सोबत ठेवला तर कोणी बुडत असताना स्वतः उडी न मारता मदत करता येते.

पिण्याचे पाणी: खारपाणपट्ट्याचा प्रश्न

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. बुलढाण्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. इथल्या भूजलात क्षारांचे प्रमाण जास्त आहे. या गावांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराचा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चेत आहे.

पर्यटकासाठी याचा अर्थ असा की, हातपंपाचे किंवा कूपनलिकेचे पाणी उकळले तरी क्षार जात नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा तसाच राहतो. उलट पाणी आटले की तो वाढतो. साधे गाळणीचे फिल्टरही इथे कामाचे नाहीत. माणशी दिवसाला पिण्यासाठी किमान तीन ते चार लिटर आणि स्वयंपाकासाठी वेगळे, असा हिशेब धरून पाणी सोबत न्यावे. लहान बाळाचे दूध किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचे पथ्य सोबत असेल तर यात तडजोड नको.

घाटावर खारटपणाची ही अडचण सहसा नसते, पण नदी आणि जलाशयाचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. आपल्याकडूनही पाणी खराब होऊ नये. भांडी आणि कपडे थेट नदीत धुऊ नयेत. शौचासाठी काठापासून आणि विहिरीपासून दूर जागा ठरवावी. ज्या पाण्याच्या काठी कुटुंब दोन दिवस राहते, तेच पाणी खालच्या गावाच्या नळाला जाते.

जंगल, प्राणी आणि कायदा

बुलढाणा-खामगाव मार्गावर बोथ्याच्या परिसरात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. दोन्हीकडे बिबट्या आणि अस्वल आहेत. यवतमाळच्या टिपेश्वरमधून २०१९ मध्ये निघालेला ‘वॉकर’ नावाने गाजलेला वाघ शेकडो किलोमीटर चालून त्याच वर्षीच्या डिसेंबरात ज्ञानगंगात पोचला. म्हणजे प्राणी अभयारण्याच्या हद्दीतच राहतात, असे नाही. नाल्याकाठची झाडी हीच त्यांची वाट असते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी आणि मुक्कामासाठी परवानगी लागते. आग लावणे किंवा जळती ठेवून जाणे याला मनाई आहे. त्यामुळे अभयारण्यात स्वतःचा तंबू ठोकण्याचा विचार सोडून द्यावा. वनखात्याने जिथे राहण्याची सोय केली असेल, तिथेच आरक्षण करून राहावे.

अभयारण्याबाहेरच्या शेतातही काही पथ्ये पाळावी लागतात. अन्न तंबूत ठेवू नये, उष्टे लांब पुरावे किंवा बंद डब्यात परत न्यावे. मोहाची आणि बोराची झाडे, वारुळे यांच्याजवळ तंबू नको, कारण अस्वले तिथे येतात. लहान मुलांना अंधारात लघवीसाठी एकटे पाठवू नये. पहाटे पाणवठ्यावर जाण्याची घाई करू नये.

सापांपैकी मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून तळ शिवलेला, साखळी पूर्ण बंद होणारा तंबू हवा. वर नुसते छप्पर बांधून खाली झोपणे टाळावे. बूट घालण्याआधी झटकावेत. सर्पदंश झाला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ घालवू नये. रुग्णाला शांत ठेवून थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. जागा निवडतानाच सर्वांत जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे, हे पाहून ठेवावे. बुलढाणा आणि खामगाव येथे मोठी सरकारी रुग्णालये आहेत.

थंडीत पेटती शेगडी तंबूत ठेवण्याची चूक अनेकजण करतात. कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस दगावतो. शेकोटी बाहेर असावी आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवावी.

परवानगी कोणाची घ्यावी?

शेत असेल तर मालकाची. नुसता ‘या की’ पुरेसा नाही. शेत वाट्याने दिलेले असेल तर कसणाऱ्यालाही विचारावे. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत तंबू, गाडी आणि मुलांचे खेळ यांमुळे होणारे नुकसान यजमान संकोचाने बोलून दाखवत नाही. जलाशयाची जमीन पाटबंधारे खात्याची, वनजमीन वनखात्याची. देवस्थानाच्या घाटावर राहायचे तर त्या संस्थानाची संमती हवी. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आणि साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. पैसे घेऊन तंबू देणारा आयोजक नोंदणीकृत आहे का, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

कोणता परिसर कोणासाठी?

लोणार: उल्कापाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले होते, आणि त्याच वर्षी या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परिसर अभयारण्य असल्याने काठावर तंबू नाही. लहान मुलांच्या कुटुंबाने गावात किंवा पर्यटन महामंडळाच्या निवासात राहून सकाळी विवरात उतरावे. चढण दमवणारी आहे, म्हणून वयस्करांनी वरूनच पाहणे बरे.

खडकपूर्णा जलाशय: देऊळगाव राजा तालुक्यातील या जलाशयाला संत चोखासागर असेही म्हणतात. संत चोखामेळ्यांचे जन्मस्थान मेहुणा राजा याच तालुक्यात आहे. हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यांसाठी चांगला परिसर. मुक्काम काठावर न करता जवळच्या शेतात करावा. सिंदखेड राजा जवळ आहे, पण १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाची मोठी गर्दी असते. त्या दिवसांत राहण्याची सोय आणि रस्ते दोन्ही भरलेले असतात.

पैनगंगेचा काठ: मेहकरच्या बाजूला शेतात मुक्काम करायचा असेल तर समृद्धी महामार्गामुळे पोचणे सोपे झाले आहे. वयस्कर मंडळी सोबत असतील तर ही बाजू सोयीची, कारण अडचण आली तर शहर जवळ आहे.

सातपुड्याचा पायथा: निसर्ग सर्वांत देखणा, आणि पाण्याचा धोकाही सर्वांत जास्त. अकोला जिल्ह्याच्या सीमेवर वान नदीवरील वारी हनुमान हे प्रसिद्ध ठिकाण आहे. तिथल्या डोहांत उतरण्याचा मोह टाळावा. या पट्ट्यात अनुभवी माणसासोबत, मोठ्या मुलांना घेऊन, फक्त कोरड्या हवामानात जावे. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते.

शेगाव-नांदुरा पट्टा: रेल्वेने पोचायला सोपा, पण खारे पाणी आणि काळी जमीन यांमुळे तंबूसाठी कमी योग्य. शेगावच्या भक्तनिवासात राहून दिवसाची सहल करणे अधिक सोयीचे.

यजमानाला विचारायचे प्रश्न

१. सर्वांत मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आले होते?
२. वर धरण आहे का? पाणी कधी सोडतात, आणि सोडण्याआधी तुम्हाला कळते का?
३. जागेवर येताना नाला किंवा फरशी पूल ओलांडावा लागतो का?
४. पिण्याचे पाणी कुठून येते? तुम्ही स्वतः तेच पिता का?
५. विहीर आणि शेततळ्याला कुंपण आहे का?
६. रात्री जवळ कोण असते? पाऊस आला तर घरात जागा मिळेल का?
७. मोबाइलला रेंज कुठे येते?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील, तर बाकी सर्व चांगले असूनही लहान मुलांसह तिथे राहू नये.

रात्री पाणी वाढले तर

पाण्याचा आवाज बदलणे, स्वच्छ पाणी गढूळ होणे, प्रवाहात काड्या-पाने वाहत येणे या पूर येण्याआधीच्या खुणा आहेत. त्या दिसल्या की सामान आवरत बसू नये. मुलांना उचलून आधी पाहून ठेवलेल्या उंच वाटेने निघावे. गाडी आणायला पात्राकडे जाऊ नये आणि पाण्याखाली गेलेल्या पुलावर गाडी घालू नये. गाडीचे तोंड तंबू लावतानाच बाहेरच्या रस्त्याकडे करून ठेवलेले असावे. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि वन्यप्राण्यांबाबत वनखात्याचा १९२६ हे क्रमांक सर्व मोठ्या माणसांच्या फोनमध्ये असावेत.

जागेवर पोचायला संध्याकाळ झाली, तर वरच्या खुणांपैकी एकही दिसत नाही. म्हणून दुपारी तीनच्या आत पोचेल असाच प्रवास आखावा. उशीर झालाच, तर ती रात्र गावात किंवा यजमानाच्या ओसरीवर काढावी आणि तंबूची जागा दुसऱ्या दिवशी उजेडात निवडावी.